गुलाबी ठिपक्याची जिग

भोसरीच्या एका टूलरूममध्ये मी बावीस वर्षं ग्राइंडिंग केलं. साच्याचे पोलादी भाग घासून मापात आणायचे, हे माझं काम. एक मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग, आणि तिथे आमची सगळी भाषा मायक्रॉनचीच होती. एखाद्या ठोकळ्यावर पाच-दहा मायक्रॉनचा उंचवटा असला तर मी नख फिरवून सांगायचो आणि बाकीचे मापाचा डायल लावून खात्री करून घ्यायचे. त्यामुळे मला माझ्या हाताचा थोडा गर्व होता. थोडा म्हणजे किती, हे माझ्या बायकोला विचारलंत तर ती वेगळं सांगेल.

मग कंपनीने मशिनं उचलून दुसऱ्या राज्यात नेली आणि आम्हा जुन्या लोकांना नारळ दिला. एकोणपन्नासाव्या वर्षी मी बायोडेटा घेऊन चाकणच्या कंपन्यांच्या गेटवर उभा राहायला लागलो. सगळीकडे कॉम्प्युटरवर चालणाऱ्या मशिनांची माणसं हवी होती. तीनेक महिन्यांनी शेजाऱ्याच्या ओळखीने एका कंपनीतून फोन आला. मेंटेनन्सला माणूस पाहिजे होता. कंपनी काय बनवते असं विचारलं तर शेजारी म्हणाला, "वायरी बनवतात बहुतेक. इंटरनेटच्या."

ते पॅचकॉर्ड बनवत होते. घरातल्या भिंतीवरच्या डबीतून राउटरकडे जी पिवळी किंवा पांढरी बारीक वायर जाते ना, ती. तिच्यात तांब्याची तार नसते, काचेचा तंतू असतो आणि त्यातून प्रकाश जातो. दोन टोकांना दोन प्लग. अवघड काम असतं ते या प्लगचंच.

मुलाखत घेणारे साहेब माझ्याहून दहा वर्षांनी तरी लहान असतील. माझा बायोडेटा त्यांनी नीट वाचला आणि म्हणाले, "मेंटेनन्सचं काम तुम्हाला जमेल, त्याची काळजी नाही. पण आमच्याकडे एक नियम आहे. पहिला महिना लाईनवर बसायचं. गेटवरच्या सिक्युरिटीपासून माझ्यापर्यंत प्रत्येकाने एक पॅचकॉर्ड स्वतःच्या हाताने बनवून पास करून दाखवली आहे."

"त्यात काय, करतो की," मी म्हणालो. साहेब नुसतेच हसले.

पहिल्या दिवशी चपला बाहेर काढल्या, पांढरा अ‍ॅप्रन घातला, डोक्यावर जाळीची टोपी चढवली. हॉलच्या दारात एक बाई उभ्या होत्या, पस्तिशीच्या, सडपातळ, नजर अगदी सरळ. चाकणजवळच्याच एका गावच्या शेतकरी घरातल्या. गावची अर्धी जमीन कंपन्यांत गेली तेव्हा या कामाला लागल्या आणि आता पूर्ण लाईन त्यांच्या हाताखाली होती. सगळे त्यांना ताई म्हणत.

"खिशात काय हाय, मामा?" त्यांनी विचारलं.

"काही नाही."

"पुडी हाय."

होतीच. तंबाखूची पुडी मी निमूटपणे बाहेरच्या लॉकरमध्ये ठेवली. "भुकटी बोटाला ऱ्हाती," ताई म्हणाल्या. "प्लगच्या तोंडावर तिचा एक कण बसला तर उजेड अडतो. हात दोनदा धुवा. साबणानं."

आत तीसेक बायका रांगेने बसून मायक्रोस्कोपमध्ये बघत होत्या. पुरुष मी एकटाच. ताईंनी मामा म्हटलं होतं, ते अर्ध्या तासात हॉलभर झालं.

माझी मान खाली गेली ती पहिल्याच तासात. ताईंनी पिवळ्या वायरचं वरचं आवरण सोललं, आतले बळकट धागे बाजूला केले, मग काचेच्या तंतूवरचं पातळ कवच काढलं आणि उरलेली काच माझ्यासमोर धरली. मला काहीच दिसलं नाही. चष्मा पुसून पुन्हा पाहिलं. दिव्याखाली वळवल्यावर एक रेघ चमकली. एकशे पंचवीस मायक्रॉन जाडीची. ती एका पांढऱ्या सिरॅमिकच्या नळीत घालायची. नळी करंगळीच्या नखाएवढी, आणि तिचं भोक त्या तंतूच्या जाडीहून मायक्रॉनभरच मोठं.

"आणि प्रकाश या अख्ख्या काचेतून जातो?" मी विचारलं.

"न्हाई. मधल्या नऊ मायक्रॉनमधनं."

बावीस वर्षं पाच मायक्रॉन, दहा मायक्रॉन करत मिरवलो होतो, आणि इथे दहावी झालेल्या मुली नऊ मायक्रॉनच्या वाटा जुळवत बसल्या होत्या, गप्पा मारत मारत.

पहिल्या आठवड्यात मी किती तंतू मोडले याची नोंद मी ठेवली नव्हती, पण पोरींनी ठेवली होती. माझ्या शेजारच्या टेबलावर चिठ्ठीवर काड्या मारत होत्या. शंभर झाल्यावर त्यांनी जेवणाच्या सुट्टीत मला पेढा दिला. मी तो खाल्ला. दुसरं काय करणार?

त्यातच बोटात काच गेली. मोडलेले तुकडे चिकटपट्टीवर उचलून झाकणाच्या डबीत टाकायचे असतात, कारण ते दिसत नाहीत. मी एक तुकडा नुसत्या बोटाने उचलायला गेलो. ठणका लागला, पण कुठे काय शिरलंय ते कळेना. ताईंनी माझा हात धरला आणि बोट सरळ मायक्रोस्कोपखाली ठेवलं. चिमट्याने एका झटक्यात तुकडा निघाला. पण त्यांनी मायक्रोस्कोपवरून मान वर केलीच नाही, तशाच बघत राहिल्या.

"मामा, हे काय?"

मी वाकून पाहिलं. माझं स्वतःचंच बोट, पण डोंगराएवढं. प्रत्येक भेगेत काळं ऑइल बसलेलं. टूलरूम बंद होऊन चार महिने झाले होते, साबणाच्या वड्या संपल्या होत्या, तरी ते तिथेच होतं. तोवर मागे पोरींची रांग लागली. एकेक येऊन बघून जायला लागली. एक म्हणाली, "बोटात शेत नांगरलंय की मामांनी." ताई हसल्या नाहीत. त्या म्हणाल्या, "काम केलेलं बोट हाय ते. बसा जागेवर."

त्या दिवसापासून मी त्यांचं ऐकायला लागलो. आधी ऐकत नव्हतो असं नाही, पण मनात वाद घालत ऐकत होतो.

दुसऱ्या आठवड्यात ताई माझ्या शेजारी स्टूल घेऊन बसल्या. म्हणाल्या, "तुमी दाबताय. लोखंडाला दाबावं लागतं, ही काच हाय. तुमी कधी कांद्याची रोपं लावलीत का?"

मी मूळचा लातूरकडचा. आमच्याकडे तूर आणि सोयाबीन. "नाही," मी म्हणालो.

"आमी घरातल्या सगळ्या बाया लावायचो. दिवसाला हजारानं. रोप दोन बोटांत धरायचं, पण धरलंय असं रोपाला कळू द्यायचं न्हाई. चिखलात सोडायचं. ढकललं की मूळ वाकतं. नळीत काच घालायची ती अशीच. ती आपली आपण जाती. तुमी नुसती वाट दावा."

हे ऐकायला सोपं आहे. माझ्या बोटांना ते कळायला आणखी नऊ दिवस लागले. घरी मी बायकोकडून सुईदोरा मागून घेतला आणि जेवण झालं की ओवत बसायचो. आधी तिला वाटलं मी शर्टाचं बटण लावतोय. मग तिने सगळ्या सुया, सगळे दोरे समोर आणून ठेवले आणि म्हणाली, "एवढे ओवूनच ठेवा. वर्षभर पुरतील मला."

तेविसाव्या दिवशी माझी पॅचकॉर्ड पास झाली. टेस्टिंगच्या मशिनवर एका टोकातून प्रकाश सोडतात आणि दुसऱ्या टोकाला किती पोचला ते पडद्यावर दिसतं. आकडा हिरवा आला. ताईंनी प्लग काढला, पुसला, परत लावला, परत हिरवा आला. "झालं," त्या म्हणाल्या. टाळ्या वगैरे कोणी वाजवल्या नाहीत, कारण शिफ्ट सुटायला दहा मिनिटं होती आणि सगळ्यांना बस गाठायची होती. मी मात्र मोशीपर्यंतच्या ट्रॅफिकमध्ये हेल्मेटच्या आत एकटाच हसत होतो.

त्यानंतर मी मेंटेनन्सला गेलो. गोंद वाळवायच्या ओव्हनचं तापमान तपासणं, एअर फिल्टर बदलणं, पॉलिशिंगची मशिनं साफ करणं. पॉलिशिंगचं थोडं सांगायला हवं, कारण पुढची गोष्ट तिथेच घडली. नळीत काच चिकटवली की तिचं तोंड घासून गुळगुळीत करावं लागतं. त्यासाठी एक जिग असते, म्हणजे वहीच्या आकाराची जाड पोलादी पाटी, तिला वीस भोकं. प्रत्येक भोकात एक प्लग खोचायचा, पाटी मशिनवर बसवायची, आणि खाली फिरणाऱ्या घासपट्टीवर विसाच्या वीस तोंडं एकदम घासली जातात. ती सपाट होत नाहीत, मसुराच्या डाळीसारखी किंचित फुगीर होतात. त्या फुगवट्याचा माथा बरोबर काचेच्या मध्यावर यायला हवा, म्हणजे दोन प्लग समोरासमोर आले की काच काचेला टेकते. माथा कुठे आलाय ते बघायला एक वेगळं यंत्र आहे. त्याच्या पडद्यावर एकात एक गोल वलयं दिसतात. वलयं मधोमध असली तर माल चांगला. बाजूला सरकली तर फेकायचा. पोरी त्याला डोळा म्हणायच्या. वलयं सरकली की "डोळा तिरळा आला".

मी लागलो त्याच्या चौथ्या महिन्यात तिरळे डोळे वाढायला लागले.

सगळेच तसे आले असते तर कारण लगेच सापडलं असतं. पण शंभरात चार-पाच यायचे, एखाद्या दिवशी एकही नाही, दुसऱ्या दिवशी एकदम सात. नेमकी तेव्हाच एक मोठी ऑर्डर चालू होती. घेणाऱ्या कंपनीच्या इन्स्पेक्टरने पहिले चार खोके परत पाठवले. साहेबांनी घासपट्ट्या बदलल्या, दुसऱ्या पुरवठादाराच्या आणल्या. काही फरक नाही. चिकटवायचा गोंद बदलला. नाही. हॉलमधल्या हवेतला दमटपणा मोजला. तो ठीक होता.

मग एका सोमवारी साहेबांनी सगळ्यांना उभं केलं. ते ओरडणारे नव्हते. थकलेल्या आवाजात म्हणाले, "सगळं तपासून झालंय. आता एकच उरतं. कोणाचा तरी हात चुकतोय. प्रत्येकीने आपापलं काम बघा."

तीस बायका जमिनीकडे बघत होत्या. दोन नव्या मुली रडवेल्या झाल्या, कारण सगळ्यांना वाटणार त्यांचाच हात. ताई पुढे आल्या.

"साहेब, एक बोलू? हात आमचेच हायेत आणि चार वर्सं तेच हायेत. या दोघी नव्या हायेत खऱ्या, पण त्या पॉलिशिंगला बसतच न्हाईत. हात बदललेले न्हाईत. दुसरं काय बदललं ते बघू."

"सगळं बघितलं, ताई."

"जिगा न्हाई बघितल्या."

साहेब म्हणाले, "जिगा पोलादाच्या आहेत. त्यांना काय होणार?" मीही मागे उभं राहून मान डोलावली. पोलादाबद्दल मला कोणी विचारलं असतं तर मीही तेच सांगितलं असतं.

अडचण अशी होती की सहाही जिगा दिसायला एकसारख्या होत्या. कोणती कधी कोणत्या मशिनवर गेली याची नोंद नव्हती. त्यांच्यावर नंबर कोरायचे म्हणजे त्या बाहेर पाठवाव्या लागणार, आणि ऑर्डर तर चालू होती. चिकटपट्टी लावली तर धुताना निघून जायची. ताई जेवणाच्या सुट्टीत डबा तसाच ठेवून लॉकरपाशी गेल्या आणि पोरींना विचारलं, "नेलपेंट कुणाकडं हाय?"

हॉलमध्ये नखाला रंग लावून यायला बंदी आहे, त्याचे पापुद्रे निघतात म्हणून. पण एकीच्या मामेबहिणीचं लग्न त्याच संध्याकाळी होतं आणि ती इथूनच परस्पर जाणार होती. तिच्या पर्समध्ये सहा बाटल्यांचा अख्खा संच निघाला. ताईंनी सहा जिगांच्या बाहेरच्या कडेवर सहा ठिपके दिले. लाल, जांभळा, सोनेरी, मोरपंखी, मरून, गुलाबी. वाळेपर्यंत फुंकर मारायला तीन जणी उभ्या. त्या मुलीने फक्त एवढंच विचारलं, "मला लग्नापुरती उरेल ना?"

त्या दिवसापासून प्रत्येक लॉटच्या चिठ्ठीवर रंग लिहायचा आणि भोकाचा नंबरही. साहेबांनी एक चिठ्ठी हातात घेऊन विचारलं, "हे मोरपंखी काय आहे?" ताईंनी समजावून सांगितलं. साहेब चिठ्ठी परत देत म्हणाले, "चालू ठेवा."

तिसऱ्या दिवशी दुपारी ताई माझ्या मेंटेनन्सच्या टेबलाशी आल्या. हातात जिग आणि चिठ्ठ्यांचा गठ्ठा. "सगळे तिरळे डोळे गुलाबीचे हायेत, मामा. आणि गुलाबीच्या पण एकाच कोपऱ्याचे. सतरा, अठरा, एकोणीस. बाकी सतरा भोकं बरी हायेत. आता ही तुमच्या वाट्याची."

माझ्याकडे ग्रॅनाइटची एक छोटी सपाट शिळा आणि डायल होता. जिग त्यावर ठेवून मी डायलची सुई हळूहळू त्या कोपऱ्याकडे नेली. सोळाव्या भोकापर्यंत सुई जागची हलली नाही. सतराव्यापाशी हलली. अठराव्याच्या काठावर अठरा मायक्रॉन उंच. प्लग जिथे टेकून बसतो तीच जागा एका बाजूने उचललेली होती, म्हणून प्लग किंचित कलून बसत होता आणि माथा सरकत होता. मग मी जिग उभी धरून कडेकडे पाहिलं. तिथे तिळाएवढा चेपा होता. एवढी जड पाटी कोपऱ्यावर पडली की चेपलेलं पोलाद बाजूला उचलतं. तसंच झालं होतं.

आणि मला आठवलं. ती माझ्याच हातून पडली होती.

महिन्याभरापूर्वी मी जिगा धुऊन पुसत होतो, एक निसटली आणि फरशीवर कोपऱ्यावर आपटली. मी उचलली, फिरवून पाहिली, काही दिसलं नाही, परत रॅकमध्ये ठेवली. नखसुद्धा फिरवलं नाही. आमच्या टूलरूममध्ये पोलाद पडणं म्हणजे रोजचंच. कोणाला सांगावं असं मनातही आलं नाही. नंतर तिरळे डोळे यायला लागले, नव्या मुली रडल्या, सगळ्यांना उभं केलं गेलं, आणि मी मागच्या रांगेत मान डोलावत होतो.

ताई माझ्या तोंडाकडे बघत होत्या. मी सांगितलं. "माझ्या हातून पडली होती. मी बोललो नाही."

त्यांनी चिठ्ठ्यांचा गठ्ठा टेबलावर ठेवला. "मंग साहेबाला सांगा."

"काढून टाकतील."

"टाकतील न टाकतील. त्या दोघी पोरी तीन दिवस घरी जेवल्या न्हाईत नीट. सांगा."

त्यांच्या आवाजात राग नव्हता. राग असता तर मला बरं वाटलं असतं. मी जिग घेऊन साहेबांच्या केबिनमध्ये गेलो. मध्ये पन्नासेक पावलं असतील, पण बावीस वर्षांची सगळी मिजास त्या पावलांमध्ये उतरली. मी त्यांना चेपा दाखवला, डायलचा आकडा सांगितला, आणि कसं झालं तेही सांगितलं. उभ्याउभ्याच.

साहेबांनी जिग हातात घेतली, उलटसुलट केली. मग त्यांनी जे विचारलं त्याची मी तयारी केली नव्हती. ते म्हणाले, "दुरुस्त होईल का?"

"होईल," मी म्हणालो. "अठरा मायक्रॉन उतरवायचे आहेत. फक्त उचललेलं तेवढंच. मशिनवर नाही जमणार, हाताने करावं लागेल. रविवारी करून आणतो."

"आणा," साहेब म्हणाले. "आणि आत्ता माझ्याबरोबर हॉलमध्ये चला."

हॉलमध्ये त्यांनी सगळ्यांसमोर सांगितलं की हात कोणाचाच चुकला नव्हता आणि आपण तसं म्हणायला नको होतं. माझं नाव त्यांनी घेतलं नाही. मीच पुढे होऊन सांगितलं, आणि त्या दोघी नव्या मुलींकडे बघून माफी मागितली. एकीने मान खाली घातली. दुसरी म्हणाली, "मामा, तुमच्या काड्या आता जिगेच्या पण मारायच्या का?" हॉलभर हशा पिकला, आणि मीही हसलो.

रविवारी मी जिग टॉवेलात गुंडाळून स्कूटरच्या डिकीत ठेवली आणि भोसरीला दोस्ताकडे गेलो. हा माझा टूलरूममधला जोडीदार. कंपनी गेल्यावर त्याने भाड्याच्या गाळ्यात ग्राइंडिंगचं छोटं दुकान टाकलं होतं. त्याच्याकडे ओतीव लोखंडाची एक जुनी घासपाटी होती. इतकी सपाट की जिल्ह्यात जोड नाही असं तो म्हणायचा आणि मीही ते मानायचो.

मी काय झालं ते सांगितलं. तो चहा ओतता ओतता थांबला.

"म्हणजे तुझ्या हातून पडली."

"हो."

"आणि तू गप्प बसलास."

"हो."

"माझ्या हातून ब्लॉक पडला की तू सगळ्या टूलरूमला ऐकू जाईल असं भाषण द्यायचास. हत्यार पडलं तर माणसाने लगेच सांगावं, म्हणायचास. आठवतं का, राव?"

आठवत होतं. त्याने चहा पुढे केला आणि खुशीत येऊन स्वतःचाही भरला. माझी कोणतीही चूक त्याला इतकी गोड लागलेली मी त्याआधी पाहिली नव्हती.

मग आम्ही कामाला बसलो. घासपाटीवर बारीक पेस्ट पसरायची, जिग पालथी ठेवायची आणि मराठी चार काढल्यासारखी हलक्या हाताने फिरवायची. वीस फेरे, मग पुसून डायल. पुन्हा वीस फेरे. अठराचे पंधरा झाले, पंधराचे अकरा. जोर लावला तर चांगली बाजूही घासली जाणार. माझ्या लक्षात आलं की मी जिग धरलीय ती दोनच बोटांनी, दाबत नाहीये. दोस्तानेही ते पाहिलं. "हात हलका झालाय तुझा," तो म्हणाला. "कुठे शिकलास?"

"बायकांकडून," मी म्हणालो. त्याला वाटलं मी चेष्टा करतोय.

दुपारी चारला सुई सगळीकडे एका जागी राहिली. चेप्याची धारदार कड आम्ही घासायच्या दगडाने बोथट केली. गुलाबी ठिपका मात्र जपून ठेवला.

सोमवारी सकाळी ताईंनी स्वतः त्या जिगेत वीस प्लग खोचले. घासून झाल्यावर एकेक तोंड यंत्राखाली धरलं. सतरा. मधोमध. अठरा. मधोमध. एकोणीसला त्यांनी जरा वेळ लावला, मुद्दामच असावा. "सरळ हाय," त्या म्हणाल्या आणि पुढचा ट्रे ओढला.

परत आलेल्या खोक्यांतला माल पुन्हा घासून द्यायचा होता, त्यासाठी दोन रविवार सगळ्या कामाला आल्या. दोन्ही रविवारी मी घरून धपाटे आणि दही नेलं. बायको पहाटे उठून साठ-सत्तर धपाटे थापायची. "चूक तुमची आणि पीठ मळते मी," म्हणायची, पण तीळ टाकायला विसरायची नाही. दुसऱ्या रविवारी ती स्वतःच डबे घेऊन आली, कारण तिला ताईंना बघायचं होतं. दोघी कँटीनच्या बाकावर तासभर बोलत बसल्या. काय बोलल्या ते मला अजून कळलेलं नाही. घरी आल्यावर माझ्याकडे बघून हसायची तेवढंच.

साहेबांनी हॉलच्या दारात एक पांढरा बोर्ड लावला. वर लिहिलं, "पडलं, आपटलं, सांडलं तर इथे लिहा. कोणी रागावणार नाही." पहिली ओळ मी लिहिली. आधी आठवडाभर दुसरी कोणी लिहिली नाही. मग एकीने चिमटा पडल्याचं लिहिलं. दुसरीने मायक्रोस्कोपला धक्का लागल्याचं. आणि एके दिवशी साहेबांच्या अक्षरात ओळ आली की चहाचा कप चुकून टेस्टिंग रूममध्ये नेला होता, बाहेर आणला आहे. त्या ओळीखाली कोणीतरी एक काडी मारली. ती कोणी मारली, हे आजवर कोणी कबूल केलेलं नाही.

याला आता सहा वर्षं झाली. मी अजून तिथेच आहे. ताई आता क्वालिटी बघतात आणि नवीन येणाऱ्यांना शिकवतात. त्यात गेल्या वर्षी तीन मुलगेही होते.

मागच्या चैत्रात त्यांच्या गावची जत्रा होती, तेव्हा त्यांनी मला आणि बायकोला जेवायला बोलावलं. आम्ही पोचलो तर घरात नवीन इंटरनेट बसवायचं चाललं होतं. खांबावरून आलेली काळी केबल खिडकीतून आत घेतलेली, आणि बसवणारा माणूस, चांगला तिशीचा, भिंतीवरच्या डबीत पॅचकॉर्ड लावायला निघालेला. त्याने प्लगचं टोपण दातांनी काढलं आणि प्लग तसाच आत घालायला लागला.

ताई स्वयंपाकघराच्या दारात उभ्या होत्या, हाताला कणीक लागलेली.

"भाऊ, पुसलात का?"

"नवीन आहे ताई, पॅक होतं."

"टोपण दाताला लावलंत. पुसा."

त्याने शर्टाच्या बाहीला पुसायला घेतला. ताईंनी डोळे मिटून घेतले. माझ्या बायकोने मला कोपर मारलं, कारण मी हसायला लागलो होतो.

ताईंनी हात धुतले, दोनदा, साबणाने. कपाटातून कोरडा मऊ कागद काढला, त्याच्या हातातून प्लग घेतला, एकाच दिशेने एकदा पुसला, उजेडात तिरका धरून बघितला आणि परत त्याच्या हातात दिला. "आता लावा. ढकलू नका."

त्याने प्लग तसाच हातात धरून विचारलं, "तुम्ही कंपनीत आहात का?"

"व्हय," ताईंच्या सासूबाई ओसरीवरून म्हणाल्या. "तुझ्या हातातली वायर तिच्याच हातची आसल. नीट लाव बाबा."

राउटरचे दिवे एकेक करत हिरवे झाले. सासूबाईंनी लगेच नाशिकच्या मुलीला व्हिडिओ कॉल लावून घेतला आणि जत्रेच्या पालखीपासून घरी आलेल्या पाहुण्यांपर्यंत सगळं दाखवायला सुरुवात केली. आमची ओळख करून देताना म्हणाल्या, "हे मामा. लई चांगले हायेत. सुनेनं शिकवलंय त्यांना." बसवणाऱ्या भाऊला ताईंनी जेवल्याशिवाय जाऊ दिलं नाही. तो माझ्या शेजारी पाटावर बसला आणि पहिला घास घेण्याआधी त्याने हळूच विचारलं, "काका, तो कागद कुठे मिळतो?"